दिसला

आठवड्याच्या सुट्टीलाही डोळा साडेचारलाच उघडतो,
गारगोटीची पहिली गाडी अंगात मुरलेली.
म्हणून कळंब्याच्या बांधावर मीच आधी पोचले.
पाणी अजून दिसत नव्हतं,
नुसता शेवाळाचा वास
आणि कुठल्यातरी गुऱ्हाळाची गोडसर धग वाऱ्यावर.
तुरुंगाच्या बाजूनं टोल पडले.
आतही कुणीतरी उठून बसलं असेल.

मग एकेक आले.
वसगडेकर सर, कानटोपी, काखेत तिपाई.
दातांचे डॉक्टर मुजावर, थर्मास घेऊन.
तवनाप्पा चौगुले, आणि त्यांच्या बोटाला पार्श्व, सात वर्षांचा,
स्वेटरवर स्वेटर, चालतं गाठोडं.
मी मनातल्या मनात डोकी मोजली :
अकरा फुल, एक हाफ.

सर कुजबुजत सांगत होते.
हे हळदी-कुंकू बदक. टोकाला हळद बघा, चोचीच्या मुळाशी कुंकू.
तो शेकाट्या, लाल काड्यांवर उभा.
खांबावर पाणकावळा, पंख वाळत घालून,
आंघोळ झाल्यागत.
मी जन्मभर या सगळ्यांना पाखरं म्हणत आले,
त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

मग सरांनी हात वर केला
आणि अख्खी रांग एका हातावर थांबली.
(मला घंटी दोनदा ओढावी लागते.)
तिथं, लव्हाळ्यात, मोडक्या पाइपच्या डावीकडं :
शंकर.
लांबनं येतो थंडीला. गळा निळा.
दिसला?

दिसला, मुजावर म्हणाले.
दिसला, तवनाप्पा.
दिसला दिसला, मागची दोघं.
दुर्बीण माझ्याकडं आली.
एक गोल. गोलात धुकं. धुक्यात काड्या,
आणि माझ्याच पापण्यांचे केस.
दिसला, मी म्हणाले,
नवरात्रातल्या गर्दीत महाद्वारातूनच
कळसाला हात जोडून
घरी सांगते ना, दर्शन छान झालं,
तसं.

सरांनी वहीत लिहिलं : शंकर, एक.

पार्श्वनं दुर्बीण उलटी धरली, सुलटी धरली,
आणि मोठ्यांदा म्हणाला, मला न्हाई दिसला.
हळू, आजोबा म्हणाले.
मला न्हाई दिसला, तो हळू म्हणाला.

पलीकडं पाण्यात एक म्हैस फुरफुरली.
मुजावरांनी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं.
तसं मलाही नीट नाही, म्हणजे, हलल्यागत वाटलं काहीतरी.
मागनं कुणीतरी हसलं.
मी आपला, तवनाप्पा म्हणाले, सर सांगतात म्हणून.
आणि सर
खोडरबर शोधत,
या खिशात, त्या खिशात,
म्हणाले, परवा होता.
इथंच होता.
धुकं त्यांच्या चष्म्यावर बसलेलं. त्यांनी पुसलं नाही.

मला काम मिळालं : ताई, तेवढ्या टिबुकल्या मोजा.
करवंटीएवढी पाखरं, तपकिरी, बुडखी.
सात.
एक बुडाली, सहा. दोन बुडाल्या, चार.
भलतीकडंच तीन वर आल्या,
त्याच का दुसऱ्या?
इस्पुर्लीत चढलेला मुदाळतिट्ट्याला उतरतो,
रात्री डेपोत हिशेब लागतो, पैशाला पैसा.
इथं पाणी कुणाला कुठं उतरवेल, नेम नाही.
एकीबरोबर मीही श्वास धरून बघितला.
तिच्याआधी मीच वर आले.

किती लिहू?
सात लिहा, म्हटलं. आणि एक पाण्याखाली.
वाटलं, हसतील.
सरांनी तसंच लिहिलं :
सात, आणि एक पाण्याखाली.

वरच्या ओळीत शंकरापुढचा एक
फिकट झाला होता, ओल्या बोटानं घासल्यागत,
पण गेला नव्हता.